सेक्रेटरींच्या अंगठ्याची पट्टी

शांतलिंग सेक्रेटरींच्या उजव्या अंगठ्यावरच्या चामखिळीला गुरुवारी सकाळी शेजारीण आली. दात घासताना त्यांचं तिकडं लक्ष गेलं. आधीची चामखीळ ज्वारीच्या दाण्याएवढी होती. तिला दोन महिने झाले होते, आणि तिच्यावर चिंधी गुंडाळून सेक्रेटरींनी ‘विळा लागला’ अशी बातमी स्वतःच उठवून दिली होती. विळ्याची जखम दोन महिने भरत नाही हे लोकांना पटवणं तसंही जड जाऊ लागलं होतं. नवी चामखीळ मोहरीएवढी, जुनीला अगदी खेटून बसलेली. 

दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याला झाली असती तर बिघडलं नसतं. सेक्रेटरींच्या अंगठ्यावर मात्र सगळ्या वाडीचा हक्क होता. बेंबळीच्या अलीकडच्या त्या वाडीत दूध संस्था निघायची होती. शांतलिंग तिचे होणारे सेक्रेटरी, आणि तिच्या यादीत पंचेचाळीस सभासद होते. त्यातले एक्केचाळीस अंगठेबहाद्दर. त्यांना नुसतं ‘अंगठा करा’ म्हणून भागत नसे. कुणी शाई पुसून टाकी, कुणी कागदावर अंगठा असा रेटी की खालचा कागदही काळा होई. म्हणून सेक्रेटरी प्रत्येकाचा डावा अंगठा आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरत, पॅडवर लोळवत आणि कागदावर अलगद टेकवत. पहिली यादी अशीच गेली होती. आता दुसरी यादी तपासायला तालुक्याच्या कचेरीतले साहेब पंधरा दिवसांनी, शुक्रवारी येणार होते. यादी अपुरी निघाली तर प्रस्ताव परत, आणि नव्यानं सगळं करायचं म्हणजे वर्ष गेलंच.

वर्ष काढायची वाडीत कुणाचीच ताकद नव्हती. सलग दुसऱ्या साली पाऊस वरच्या वर निघून गेला होता. शेतात नुसती ढेकळं. म्हशी तेवढ्या अजून दावणीला उभ्या होत्या. संस्था नोंदली गेली तर बेंबळीपर्यंत येणारी दुधाची गाडी वाडीच्या फाट्यावर थांबणार होती. नाहीतर म्हशी बाजारात निघणार, हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. सेक्रेटरींनी चिंधी आणखी घट्ट आवळली.

पण घरात दोन चामखिळी कुठवर लपणार? त्यांची बायको इरम्मा, माहेर कर्नाटकाच्या हद्दीजवळचं. काळजी वाटली की ती कानडीत बोलायची. त्या दुपारी ती तासभर कानडीत बोलली. मग तिनं नवऱ्याचा टॉवेल वेगळा केला, साबणाचा तुकडा वेगळा केला आणि विचारलं, “पण तुमाला ही दिली कुणी?”

“म्या काय पावती घेऊन ठेवलीया व्हय?” सेक्रेटरी करवादले.

“न्हाय, एक्केचाळीस जणांचं अंगठं धरलाव तुमी. त्यातल्याच कुणाची तरी आसंल.”

हा विचार सेक्रेटरींच्या मनात आला नव्हता. आता आला तो जाईना. त्याहून वाईट विचार त्याच्या पाठोपाठ आला. कुणाची तरी त्यांनी घेतली असेल, तर त्यांचीही कुणीतरी घेतली असेल.

इरम्मानं हे सगळं फक्त शेजारच्या धुरपताबाईंना सांगितलं, तेही कुणाला सांगू नका म्हणून. धुरपताबाई औषधपाण्यातल्या जाणत्या. त्या म्हणाल्या, “घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा. आठ दिसात गळून पडती.”

वाडीत घोडा नव्हता. पेंड विकणारा वीरप्पा मात्र शुक्रवारी बेंबळीहून टांगा घेऊन यायचा. टांगा पारापाशी सोडून वीरप्पा पाणी प्यायला वळला तसे सेक्रेटरी घोड्याच्या मागं गेले. एक केस ओढला, तुटला. दुसरा ओढला तेव्हा घोड्यानं मागं वळून पाहिलं, आणि घोड्याबरोबर वीरप्पानंही.

“सेक्रेटरी, घोड्याच्या मागं काय कराय लागलाव?”

“काय न्हाय. जनावर चांगलं हाय, म्हनून बघत हुतो.”

“बघायला शेपूट धरावं लागतंय व्हय? चामखिळीला केस पायजे म्हनायचं की. घ्या, लागंल तेवढं घ्या.” वीरप्पा मनानं चांगला माणूस, पण आवाज बाजारात पेंड विकून कमावलेला. पारावर आठजण बसले होते. त्यांनी घोड्याकडं बघितलं, मग सेक्रेटरींच्या चिंधीकडं.

रात्रीपर्यंत केसानं काही झालं नाही, आणि आठ दिवस थांबायला सेक्रेटरींना वेळ नव्हता. धुरपताबाईंनी मग बिब्बा तापवून चटका दिला. त्यानं मात्र झालं. शनिवारी अंगठा लिंबाएवढा सुजला, चिंधीची मोठी पट्टी झाली, आणि रविवारी अंगठे घ्यायची बैठक होती.

पारावर सगळे जमले. यादीत पहिलं नाव आबाराव यांचं. सत्तरीचे, तीन म्हशींचे मालक, वाडीत त्यांचा शब्द चाले. सेक्रेटरींनी पॅड उघडलं आणि आबारावांचा अंगठा धरायला हात पुढं केला. आबारावांनी हात कोपरीच्या आत घेतला.

“शांतलिंग, राग मानू नका. पन ते एकाचं दुसऱ्याला लागतंय म्हंत्यात.”

“पट्टी हाय की वर.”

“पट्टी आज बांदलीया. मागच्या बारीला आमचं अंगठं धरलाव तवा काय हुतं?”

मग एकेकजण आपापला डावा अंगठा उन्हात धरून निरखू लागला. टँकर तीन दिवसांनी यायचा, धुवायला पाणी कुठलं, म्हणून दोघाचौघांनी जागच्या जागी मातीनं अंगठे चोळले. कुणाला तरी आपल्या गुडघ्यावर दहा वर्षांपूर्वीची चामखीळ सापडली आणि शेजारी बसलेला मेहुणा उठून लांब जाऊन बसला. कुणी म्हणालं, पॅडातच शिरली असेल. पॅड हातातून हातात जायचं थांबलं आणि पाराच्या कडेला एकटं पडलं. बैठक मोडली तेव्हा यादीवर एकही अंगठा नव्हता. सेक्रेटरींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सोमवारी ते बेंबळीच्या दवाखान्यात निघाले, तर फाट्यापर्यंत लोक सोबत आले. ज्याला त्याला काहीतरी विचारायचं होतं. सेक्रेटरींनी सगळे प्रश्न कागदावर लिहून घेतले. डॉक्टरांनी आधी बिब्ब्यानं भाजलेला अंगठा बघून सेक्रेटरींना चांगलं फैलावर घेतलं, मग औषध लावलं, मग कागद बघून चष्मा काढला.

“हे सगळं तुम्हाला होतंय?”

“न्हाय साहेब. गावाचं हाय. एकेक इचारतो. दुधातनं जाती का?”

“नाही.”

“म्हशीला हुती का?”

“माणसाची म्हशीला होत नाही.”

“नवऱ्याची बायकोला?”

“होऊ शकते. कातडीला कातडी लागून जाते. विषाणू असतो, डोळ्याला न दिसणारा. खरवडलेल्या जागेतून आत शिरतो.”

“मग मला दिली कुणी, कळंल का?”

“नाही कळणार. आत शिरल्यावर वर यायला महिनेसुद्धा लागतात. कुणी दिली, कुणाला दिली, ते शोधत बसू नका. भांडणं होतील, बाकी काही नाही. आणि हा काही कुणाचा गुन्हा नाही.”

सेक्रेटरींना एकदम हलकं वाटलं. मग त्यांनी आवाज खाली आणून कागदावर नसलेला प्रश्न विचारला. “साहेब, ह्यातनं काय वाईट रोग तर हुणार न्हाय ना? पाच दिस झोप न्हाय.”

“हातावरच्या या चामखिळीतून काही होत नाही. बहुतेकांची आपोआपसुद्धा जाते. वेळ लागतो. गेली तरी परत येऊ शकते, तेव्हा घाबरायचं नाही.”

“आन् पॅड? शाईचं?”

“त्यानं लागायची शक्यता फार कमी. मात्र पट्टी सुटू देऊ नका आणि या हातानं लोकांचे अंगठे धरू नका.”

हे सगळं सेक्रेटरींनी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं, खाली दवाखान्याचा शिक्का मारून घेतला आणि जिंकल्यासारखे परतले. पारावर उभं राहून त्यांनी कागद वाचून दाखवला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतला.

आबाराव म्हणाले, “कागदावर काय हाय ते तुमीच सांगनार. चामखीळ बी तुमचीच.”

सभासदांतले वाचता येणारे बाकीचे तिघे आपापली सही करून कामासाठी पुण्याला गेलेले. तेव्हा चांगुणा म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, “मुक्ताबाईला बोलवा की. तिला येतंय.”

मुक्ताबाई बौद्ध वस्तीतली. नवरा एसटीत कंडक्टर, ही सातवी शिकलेली. सरकारनं प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले तेव्हा वाडीचा वर्ग तिला मिळाला होता. रोज दुपारी शाळेच्या ओसरीवर ती तीस पाट्या मांडून बसायची. वस्तीतल्या तीन बाया यायच्या. गावातलं कुणी येत नसे. का येत नाही हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

तिनं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सेक्रेटरींनी सांगितलं होतं तेच शब्दाला शब्द निघालं.

“पॅडाचं पुन्यांदा वाचा,” आबाराव म्हणाले.

“लागायची शक्यता फार कमी.”

“फार कमी म्हंजी हाय की थोडी. थोडी कुनाच्या वाट्याला येनार, ते न्हाय लिवलं.”

सेक्रेटरींना रडू यायचं बाकी राहिलं होतं. दहा दिवस उरले होते. मुक्ताबाईनं कागदाची घडी घातली.

“मग पॅडाला हात लावूच नका. सही करा. सहीला कुनाला शिवायचं काम न्हाय.” घडी पाराच्या कडेला ठेवत ती म्हणाली, “शिवायची भीती आमाला नवी न्हाय. तुमाला पयल्यांदाच हाय, म्हनून जड जाया लागलंय.”

आबाराव खाली बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ओसरीवर तीस पाट्या पुरल्या नाहीत. उरलेल्यांनी धुळीत बोटानं गिरवलं. इरम्मानं चुलीतले कोळसे आणून दिले, त्यानं शाळेची मागची भिंत भरली. आबारावांचा ‘आ’ चार दिवस एका पायावर उभा होता. चांगुणाचं नाव सहा दिवसांत आलं. धुरपताबाई ‘धु’पाशी अडकल्या त्या अडकल्याच, आणि आपल्या आईबापांनी दुसरं नाव का ठेवलं नाही म्हणून त्यांना बोल लावू लागल्या. सेक्रेटरी पट्टीचा हात पाठीमागं धरून ओसरीच्या खाली उभे राहायचे आणि दिवस मोजायचे. गुरुवारी रात्री यादीवर सह्या झाल्या, धुरपताबाईंची जागा तेवढी कोरी राहिली.

शुक्रवारी साहेब आले. यादी उघडली, बघत राहिले. मग पिशवीतून जुनी यादी काढून शेजारी ठेवली.

“सेक्रेटरी, मागच्या यादीत एक्केचाळीस अंगठे. ह्या यादीत एकही नाही. गाव पंधरा दिवसांत शिकलं?”

“व्हय साहेब.”

“आणि सगळ्यांचं अक्षर सारखं?”

“बाई एकच हुत्या शिकवायला.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “असल्या सह्या मी पुष्कळ बघितल्यात. घरी बसून एकानंच ठोकायच्या. अंगठे घ्या नाहीतर प्रस्ताव परत नेतो.” त्यांनी आपलं पॅड काढून पारावर ठेवलं.

सेक्रेटरी हात जोडणार तेवढ्यात आबाराव उठून पुढं आले. आता हे अंगठा करणार आणि बाकीचे भीतीनं पळणार, असं सेक्रेटरींना वाटलं. आबारावांनी पॅड एका बोटानं बाजूला सारलं.

“साहेब, पेन द्या. आता अंगठा व्हनार न्हाय.”

“का?”

“येतंय म्हनून.”

त्यांनी सही केली. ‘आ’ थोडा झुकला, पण पडला नाही. मग रांग लागली. साहेब खुर्ची पुढं ओढून बघू लागले. शेवटी धुरपताबाई बसल्या. ‘धु’ लिहिताना सगळा पार श्वास धरून होता, साहेबांचा चहा तसाच निवून गेला. ‘धुरपता’ झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आणि ‘बाई’?” साहेबांनी विचारलं.

“ते काय लिवायचं? दिसतंय की.”

साहेब हसले आणि त्यांनी यादीवर मंजुरीचा शेरा मारला. आठवड्यानं फाट्यावर गाडी थांबली. पहिला कॅन चढवताना आबारावांनी डोक्याचा पटका काढून डोळे पुसले, आणि सेक्रेटरीही तोंड फिरवून उभे राहिले.

त्याच दुपारी पट्टी बदलताना सेक्रेटरींच्या हाताला खपली लागली. ती सुटून आली. खाली अंगठा लहान पोराच्या गालासारखा गुळगुळीत. दोन्ही चामखिळी गेल्या होत्या. आनंदानं ते तसेच ओसरीवर धावले. वर्गाला वेळ होता, मुक्ताबाई एकटीच पाट्या पुसत होती. तिनं अंगठा बघितला आणि पहिलं काही विचारलं असेल तर हे, “कुनाला दावला?”

“कुनालाच न्हाय. पळत आलो.”

“मग बांधा परत.”

“आवो, पन गेली की ती.”

“तुमची गेली. माझी बाराखडी अजून ‘ग’पाशी हाय. गेली म्हनून कळलं तर उद्या ओसरीवर कोन येनार? पॅड काढून बसतील समदी.”

“आन् खोटं बोलायचं?”

“खोटं कसलं? परत येती म्हनून डॉक्टरांनी लिवून दिलंय, शिक्क्यासकट. येनारच हाय, तर आधीच बांधून ठिवा.”

सेक्रेटरींनी मुकाट्यानं पट्टी गुंडाळली. तेवढ्यात आबाराव पाटी काखेत मारून आले, पट्टीकडं बघून दोन हात लांब सरकले आणि काळजीनं म्हणाले, “अजून हायच का, शांतलिंग?”

“हाय की,” सेक्रेटरी म्हणाले आणि ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी गाठ पुन्हा एकदा आवळून बघितली.