उरलेली कसबं

साल १९८६, मे महिना. नंदनवन वस्तीतल्या एका घरात कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोर जागेश्वर, त्याची आई तुळजाबाई आणि धाकटा भाऊ ताराचंद एका खोक्याभोवती बसले होते. पुण्याला शिकणाऱ्या ताराचंदने मित्राकडून हा अमेरिकेतला खेळ मागून आणला होता. ज्याने त्याने आपला एक वीर ठरवायचा, त्याला दोन कसबं निवडायची आणि फासे टाकत राक्षसाच्या गुहेतून सोनं आणायचं. गोष्ट ताराचंद सांगणार.

"कचेरीत अख्खा सेक्शन हाकतो मी," जागेश्वर म्हणाला. "हा एक राक्षस काय चीज आहे!"

त्याची बायको अनुसया आत पोळ्या लाटत होती. ताराचंद एकेक कसब वाचत होता आणि तिची निवड लाटता लाटताच झाली होती. तिने आतून ओरडून सांगितलंही, "भाऊजी, घोडा न् तलवार माह्यासाठी ठेवा!" उमरेडला माहेरी वरातीच्या घोड्यावर सगळे भाऊ बसले होते. तिला कोणी हातसुद्धा लावू दिला नव्हता.

ती हात पुसत बाहेर आली तेव्हा वाटप उरकलं होतं. त्या घरात काहीही वाटायचं तर ते पंगतीच्या रीतीने. आधी कर्ता पुरुष, मग सासू, शेवटी सून, आणि एकाने उचललं ते संपलं. जागेश्वरने तलवार आणि हुकूम चालवणं घेतलं होतं. तुळजाबाईंनी जखमा भरणं घेतलं होतं आणि वर घोडा.

"तुमाले घोडा कायले पाहिजे, आत्याबाई?" अनुसयाने सासूला विचारलं.

"माहे गुडघे दुखतेत वं. गुहेत पायी जाऊ काय?"

उरलं होतं उपाशी राहणं आणि आवाज न करता चालणं. तुले दोन्हीची सवयच आहे, असं जागेश्वर हसत म्हणाला. अनुसयाचं डोकं तव्यासारखं तापलं, पण ती खेळायला बसली.

गुहेचं तोंड अरुंद निघालं. घोडा आत जाईना आणि तुळजाबाई खाली उतरेनात. जागेश्वरने हुकूम चालवून पाहिला. मायले हुकूम करतो काय, म्हणून तुळजाबाईंनी खेळातलं आणि घरातलं असं दोन्ही मिळून त्याला सुनावलं. चिडून तो एकटाच तलवार परजत आत धावला आणि थेट खड्ड्यात पडला.

अनुसया मात्र झोपलेल्या राक्षसाच्या उशाशी आवाज न करता गेली. तो सोन्यावरून कूस बदलेपर्यंत दबा धरून उपाशी बसली आणि सोनं घेऊन निघाली.

"दोर टाक," खड्ड्यातून जागेश्वर म्हणाला.

"दोर टाकाचं कसब कोणाजवळ आहे? माह्याजवळ तर उपाशी राहणं आहे. मी चालली."

जागेश्वरने फासे भिरकावले. ते कूलरच्या पाण्यात पडले. बायको नवऱ्याला खड्ड्यात सोडते, असला खेळ घरात नको, असं त्याने गर्जून सांगितलं. तुळजाबाई म्हणत होत्या, आधी मले कोणी घोड्यावरून उतरवा. भांडण मिटवायला म्हणून ताराचंद मध्ये पडला.

"वहिनी, खरं तर एकच कसब कितीही जण घेऊ शकतेत. खेळाच्या पुस्तकात तसंच आहे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"दादा वाटून राहिला होता ना. मी कसा बोलू?"

हे ऐकल्यावर ती जी पेटली! नवऱ्यावर नाही, राक्षसावर नाही, या शिकलेल्या दिरावर. तशीच उठली, स्वयंपाकघरात गेली, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसली.

ताराचंद पुढे चंद्रपूरला इंजिनिअर झाला आणि बायकोला न विचारता कशाचंच वाटप करेनासा झाला. तुळजाबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायच्या, आपल्याजवळ घोडा होता. जागेश्वरने रिटायर झाल्यावर शहराबाहेर बेसाला घर बांधलं. दोर टाकायला पाहिजे होता, हे तो अजूनही म्हणतो.

अनुसया त्या दिवसापासून पहिली जेवते. आपल्या हातचा तिखट रस्सा गरम असताना कसा झोंबतो, ते तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहू लागलं. पण पहिलं बसायचा हट्ट तिचाच होता, म्हणून तिने रस्सा संपवला, आणि बाहेरच्यांना वाटलं, बिचारी रडून राहिली.