तात्यांच्या ओट्यावरची रेंज

शेळगावात जोतीरामतात्यांच्या ओट्यावर त्या संध्याकाळी साडेसहाला अकरा माणसं होती. शिवाय एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यात तात्या. एक तांब्या, दोन फुलपात्री. आणि दारावरच्या फळीवर दिवे मिचकावणारा राउटर. तात्यांच्या मोबाईलवर नातीच्या शाळेचं पान उघडत होतं, म्हणजे गोल चक्र फिरत होतं. तात्यांनी घड्याळ लावून मोजलं : चार मिनिटं दहा सेकंद. तेवढ्या वेळात फक्त शाळेचं नाव आलं. चित्र आलंच नाही.

चित्र नातीनं काढलेलं होतं. बेंगळुरूत चौथीत शिकणाऱ्या संस्कृतीला त्यासाठी पहिलं बक्षीस मिळालं होतं. गेल्या रविवारी अडकत-अडकत लागलेल्या व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, "आबा, पाहिलंत?" तात्या म्हणाले, "व्हय, झकास." "मग सांगा, त्यात तुम्ही काय करताय?" तात्यांनी घाईनं फोन कापला आणि रेंजवर खापर फोडलं. आता पुढच्या रविवारच्या आत चित्र बघणं भाग होतं.

"एकतीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो," तात्या ओट्याला उद्देशून म्हणाले. "टेलला, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाच्या गुंठ्याला पाणी पोचवलंय. ही तर करंगळीएवढी वायर."

ओट्यानं माना हलवल्या. अकराही माना खाली होत्या, प्रत्येकीखाली एकेक मोबाईल होता, पण तात्यांना ते ऐकण्याची अदब वाटे. बायको द्वारकाबाई गेल्यावर दीड वर्ष या ओट्यावर चिमण्यांखेरीज कुणी बसलं नव्हतं. गेल्या दिवाळीत मुलानं, रणजितनं, वायफाय बसवून दिलं, तात्यांनी पेढे वाटले, पेढ्याबरोबर पासवर्डही सांगितला, आणि त्याच सुमारास गावाला तात्यांच्या गोष्टींची गोडी लागली. हे दोन्ही एकाच सुमारास झालं, याचा तात्यांनी कधी विचार केला नव्हता.

तपास सुरू झाला. शेजारच्या दत्तोबाच्या मते वायरीत मुंग्या शिरल्या होत्या. तात्यांच्या मते उतार कमी पडत होता, म्हणून राउटर फळीवरून माळ्यावर गेला आणि माळ्यावरून पत्र्याखालच्या आढ्याला, हंड्याच्या दोरीनं लटकला. प्रत्येक वेळी तो बंद करावा लागे. बंद झाला रे झाला, की अकराच्या अकरा जण मदतीला उठत. किती जीव लावतात ही माणसं, असं तात्यांना वाटे. राउटर परत चालू झाला की पहिला सेकंदभर पान सुसाट पळे आणि पुन्हा अडून बसे. यावरून तात्यांनी निष्कर्ष काढला, की यंत्र दमलंय. दोन दिवस त्याला दुपारची विश्रांती दिली. फरक पडला नाही.

शेवटी पलीकडच्या घरातली योगिनी आली. ती बी.एस्सी., साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासणारी. मोजल्याशिवाय बोलायची नाही. तिनं राउटरला जोडलेल्या फोनांची यादी उघडली आणि बोटानं मोजली.

"तात्या, बारा फोन जोडल्यात. एक तुमचा."

तात्यांनी ओट्याकडे पाहिलं. अकरा.

"म्हंजी वरचे दारं फोडून पाणी घेत बसल्यात, आन मी टेलला."

"पासवर्ड बदलू का? पण मग ही माणसं..."

"बदल की. माणसं काय वायफायसाठी येत्यात व्हय? ती माझ्यासाठी येत्यात."

 योगिनीनं पासवर्ड बदलला. पान तीन सेकंदांत उघडलं.

चित्राचं नाव होतं 'आबांचं घर'. पत्र्याचं घर, ओटा, ओट्यावर अकरा माणसं. अकराही जणांच्या माना खाली आणि हातात एकेक काळा चौकोन. मधल्या खुर्चीत एक म्हातारा, हात वर, तोंड हे एवढं उघडं. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर पोरीनं अगदी बरोबर टिपलं होतं.

तात्यांनी चित्रातली माणसं दोनदा मोजली आणि मोबाईल उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चौघं आली. मोबाईल हलवले, वर धरले, भिंतीपाशी नेऊन पाहिले आणि म्हशीची धार काढायची आठवण होऊन उठली. त्यातल्या दोघांकडे म्हैस नव्हती. तिसऱ्या दिवशी एकटा दत्तोबा आला, उंबऱ्यापाशीच थांबला आणि म्हणाला, "तात्या, लाईट हाय न्हवं?" आहे म्हटल्यावर गेला. चौथ्या दिवशी तात्यांनी कालव्याच्या फुटलेल्या चारीची गोष्ट रिकाम्या ओट्याला सांगायला घेतली. अर्ध्यात थांबले. पुढचं त्यांना स्वतःला पाठच होतं.

रविवारी कॉल एकदाही न अडकता लागला. संस्कृतीनं तोच प्रश्न विचारला.

"गोष्ट सांगतोय," तात्या म्हणाले.

"आणि ते सगळे?"

"ऐकत्यात."

फोन ठेवून ते योगिनीच्या दारात गेले. जुना पासवर्ड परत लावून दे म्हणाले.

"तात्या, पान पुन्हा उघडायचं न्हाय."

"माझं बघून झालंय."

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला योगिनीनं कुंपणावरून मोजलं. ओट्यावर माणसं : चौदा. तात्यांच्या वायफायवर तिच्या मोबाईलमध्ये चित्राचं पान उघडायला लागलेला वेळ : पाच मिनिटं पंचवीस सेकंद.