सोडलेल्या सिनेमाचं उद्यापन

"आत्याबाई, घात झाला! पिच्चर दसऱ्यालेच येऊन राह्यला!"

वृषाली हातात फोन घेऊन धावत देवघरात आली, तेव्हा जयवंताबाई फुलवाती वळत होत्या. एरवी अशी बातमी ऐकून त्यांनी सुनेच्या हातावर खडीसाखर ठेवली असती. आज त्यांच्या बोटांतली वात तशीच राहिली.

"कोनता पिच्चर?" त्यांनी हळूच विचारलं. कोणता, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण वाईट बातमी दोनदा ऐकली तर दुसऱ्या वेळी थोडी बरी निघेल, अशी त्यांना आशा होती.

"'शिवदुर्गम'चा दुसरा भाग! संक्रांतीले येनार होता ना? तारीख अलीकडं घेतली त्याइनं."

जयवंताबाईंनी देवाकडे पाहिलं. देव आपल्या जागी शांत होता. त्याला कुठे सिनेमाला जायचं होतं!

जयवंताबाईंचा आठवडा देवांनी वाटून घेतलेला होता. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार विठोबाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. उरलेला रविवार जयकेतनचा. जयकेतन म्हणजे तेलुगू सिनेमातला नट. त्याचा एकही पिच्चर त्यांनी चुकवलेला नव्हता. उटनूरच्या शाळेत शिकलेली, फाडफाड तेलुगू बोलणारी सून मिळाल्यापासून तर सासू-सुनेची जोडीच जमली होती. त्यांच्या गावावरून, तेलंगणातल्या बेल्याकडून आदिलाबादला जाणाऱ्या बसमध्ये बायांना तिकीट लागेनासं झालं, तेव्हा ही सोय सरकारनं खास आपल्यासाठी केली असावी, असं जयवंताबाईंना मनापासून वाटलं होतं. पहिल्या भागाचं फाटकं तिकीट अजून त्यांच्या पोथीत खूण म्हणून होतं.

आणि त्या पहिल्या भागानं दोन वर्षं त्यांना टांगून ठेवलं होतं. गडाला शत्रूचा वेढा पडतो. गड काही हार मानत नाही. मग एका रात्री दिंडी दरवाज्याची कडी आतून सरकल्याचा आवाज होतो, पडदा काळा होतो आणि टॉकीजमधले दिवे लागतात. कडी काढली कुणी? वृषालीचा संशय धाकट्या राणीवर होता. महिपतराव म्हणजे जयवंताबाईंचे यजमान, त्यांचं मत होतं, "वाऱ्यानं उघडला असन." जयवंताबाईंना मात्र खात्री होती. सेनापती. त्याच्या मिशाच तशा होत्या. दोन वर्षं भाकरी थापताना, कापसाची पऱ्हाटी निंदताना, त्या त्या सेनापतीला नावं ठेवत आल्या होत्या.

घात झाला होता तो आषाढी एकादशीला. त्यांच्या गावात चातुर्मासाचा नेम देवळात चारचौघींत बोलून धरतात. चार महिने आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची. भजनी मंडळाच्या बयनाबाईंनी वांगं सोडलं. कुणी कांदा सोडला, कुणी चहातली साखर सोडली. जयवंताबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. पिच्चर संक्रांतीला. चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो. शिवाय जयकेतनचा पिच्चर सांगितलेल्या तारखेला कधी आला नाही, सहा महिने उशिराच येतो.

"मी सिनेमा सोडते," त्या म्हणाल्या.

देवळातल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांची आवड साऱ्या गावाला माहीत होती. पुजारी अमृतराव गुरवांनी हातातली पळी खाली ठेवली. "याले म्हंतात त्याग!" ते म्हणाले. जयवंताबाईंना त्या कौतुकानं बरंही वाटलं होतं आणि थोडं चोरट्यासारखंही.

त्या चोरटेपणाची भरपाई देवानं आता मागितली होती.

"दसऱ्यापासून कार्तिकी बारसेपर्यंत महिना होते," जयवंताबाई बोटं मोजत म्हणाल्या. "महिनाभर टिकन का वं टॉकीजमंदी?"

"टिकन तर टिकन. पन त्याच्या आधी कोनीतरी सांगून टाकन ना, दरवाजा कोनं उघडला ते!"

हे जयवंताबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी विचार केला. वांगं सोडलेल्या बाईनं वांग्याचा रस्सा प्यायला तरी नेम मोडतोच. मग सिनेमा सोडलेल्या बाईनं सिनेमाचा शेवट ऐकला तर? नेमही मोडला आणि पिच्चरही.

दसरा उजाडला. तिसऱ्या दिवशी निम्मं गाव पिच्चर पाहून आलं. वृषालीला जयवंताबाईंनीच पाठवलं होतं आणि देवापुढे शपथ घातली होती. सून बिचारी शपथेला जागली, पण तिचा चेहरा जागला नाही. भाजीला फोडणी देताना ती मधेच डोळे पुसायची. जयवंताबाई लगेच पाठ फिरवायच्या. डोळे कुणासाठी पुसते, एवढं कळलं तरी अर्धा पिच्चर कळला.

गिरणीत गेलं तर तेच. किराण्याच्या दुकानात गेलं तर तेच. कापूस वेचायला आलेल्या बाया ओळीनं चालत तेच बोलायच्या. "बाप्पा, मले तर वाटलंच नव्हतं का तो दरवाजा..." एवढं ऐकताच जयवंताबाई ओटीतला कापूस सांडत शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत पळाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी वातींचा डबा उघडला, चांगले दोन बोळे केले आणि कानात घातले.

पहिला फटका महिपतरावांना बसला.

"अवं, चहा!"

काही नाही.

"अवं, चहा म्हनलं!"

जयवंताबाईंनी हसून पाट मांडला आणि जेवायला वाढलं. महिपतरावांनी चार वाजता वरण-भात खाल्ला. पुढे महिनाभर त्यांनी चहा स्वतःच केला. तो चांगला व्हायला लागला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात काकड्याला बयनाबाईंची नजर त्या बोळ्यांवर गेली.

"कान ठनकते का वं, जयवंता?"

जयवंताबाईंनी नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा बारमाही नेम.

"मंग? हाबी नेमच का?"

तसं म्हटलं तर नेमापायीच होतं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. बयनाबाईंनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "समजलं! परनिंदा कानावर येऊ द्याची नाई! मायबाई, आमाले नाई सुचलं हे!"

तसं नाही, असं सांगायला जयवंताबाईंनी तोंड उघडलं. पण तोवर आरती सुरू झाली, आणि आरतीत मधेच बोलायचं नाही, हाही त्यांचा नेमच होता.

आठवड्यात मंडळातल्या सात बायांच्या कानात कापूस आला. कापसाचा मोसम होता, घराघरात ढीग लागलेले, तोटा नव्हता. गावातल्या सुनांना इतका सुखाचा कार्तिक कधी लाभला नव्हता. पारावरच्या गप्पा आटल्या. फक्त भजन तेवढं बिघडलं. सातजणी सात ठिकाणांहून एकच अभंग म्हणायच्या. टाळ एकीकडं, बयनाबाई दुसरीकडं. अमृतरावांनी चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी स्वतःच वातींच्या तबकातला कापूस उचलून कानात घातला.

जयवंताबाईंना आतून खूप टोचत होतं. दर गुरुवारी त्या एकच बोळा काढून वृषालीला विचारायच्या, "पिच्चर हाय का?" वृषाली फोनवर बघून म्हणायची, "हाय!" की बोळा परत आत. असे तीन गुरुवार गेले. चौथ्या वेळी वृषाली फोनवर बोट सरकवत राहिली.

"हाय, पन शेवटचाच आठवडा. आता दोनच खेळ ठेवले, अकराचा अन् अडीचचा. येत्या गुरुवारी उतरवून राह्यले."

गुरुवारीच कार्तिकी बारस होती. जयवंताबाईंनी देवाला दंडवत घातला. सकाळी उद्यापन, अकराचा खेळ. देवानं अगदी मोजून दिलं होतं.

पण उद्यापनाचं विचारायला गेल्या तेव्हा अमृतरावांनी बोट वर केलं. "जे सोडलं ते आधी जोडप्याले दान द्या लागते. त्याइनं आधी घ्याचं, मंग आपन. बयना वांगी देनार. तू सिनेमा कसा देशीन? परातीत घालून?"

गावातलं सगळ्यात वयस्कर जोडपं म्हणजे खुद्द अमृतराव आणि त्यांची भागाबाई. म्हणजे अकराचा खेळ त्यांचा आणि अडीचचा आपला. शेवटचा. जयवंताबाईंनी पदर सावरला. "देते," त्या म्हणाल्या.

बारशीच्या सकाळी तबकात विड्याची पानं मांडली, त्यावर वृषालीचा फोन ठेवला आणि फोनमधल्या दोन तिकिटांना हळद-कुंकू वाहिलं. अक्षता पडताच फोन वाजला. बँकेची बाई कर्ज हवं का विचारत होती. "नको बाई, आमचं आजच फिटलं," जयवंताबाई म्हणाल्या आणि दान भागाबाईंच्या ओटीत सोडलं.

नऊच्या बसनं सगळं मंडळ निघालं. बाया फुकट, एकट्या अमृतरावांना तिकीट पडलं, ते त्यांना लागलं. जोडपं अकराला आत गेलं. बाकीच्या बाहेर लिंबाच्या सावलीत दशम्या सोडून बसल्या. जयवंताबाईंनी कानातले बोळे आणखी आत दाबले. भिंतीपलीकडून आवाज आला तर?

दोन वाजता दारं उघडली. भागाबाई नवऱ्याचा हात धरून पायऱ्या उतरल्या. चेहरा तृप्त, डोळे ओले. दान पावलं होतं. जयवंताबाईंनी पुढं होऊन वाकून पाय धरले. आणि आता आशीर्वाद मिळणार. आशीर्वाद काय कान बंद ठेवून घ्यायचा असतो? त्यांनी महिनाभरात पहिल्यांदा दोन्ही बोळे काढले आणि पदराच्या गाठीला बांधले.

भागाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "अखंड सौभाग्यवती राह्य, लेकी. काय पिच्चर दाखोला! अन् तो मिशावाला सेनापती वं! धावत धावत गेला न् दरवाजा उघडला मेल्यानं! म्या माह्या डोयानं पाह्यलं!"

लिंबाखाली कुणाचा तरी घास हातातच राहिला. वृषालीनं तोंडावर हात नेला.

जयवंताबाई वाकलेल्याच राहिल्या. महिनाभराचा कापूस, चार गुरुवार, धुऱ्यापर्यंतची पळापळ. आपला अंदाज खरा निघाला, याचाही आनंद होईना. "देवाची मर्जी," एवढंच त्या पुटपुटल्या आणि वृषालीचा हात धरून आत गेल्या.

मध्यंतरापर्यंत त्या माळ ओढावी तशा पडद्याकडे पाहत होत्या. मध्यंतरानंतर ती रात्र आली. दरवाज्याबाहेरून एक दुबळा आवाज येतो, "माते, पाणी." आणि देवघरातून हातात तांब्या घेऊन उठते ती राजमाता. दारी आलेल्या तहानलेल्याला परत पाठवायचं नाही, हा तिचा जन्माचा नेम. शत्रूला तो ठाऊक असतो. ती कडी सरकवते. सेनापती ते पाहून जिवाच्या आकांतानं धावतो, दरवाजा पाठीनं लावू बघतो आणि तिथंच उभ्या उभ्या पडतो.

जयवंताबाई खुर्चीत पुढं सरकल्या. दोन वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं! त्यांनी वृषालीचा हात इतका घट्ट धरला की तिच्या दोन बांगड्या पिचकल्या.

"भागामायनं चष्मा घरीच ठेवला," वृषाली अंधारात कुजबुजली. "अन् तेलुगू येते ते बजारापुरतं."

"देवानंच ठेवाले लावला," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते. "नेमच तो, बाई. तिच्याबी हाती नव्हतं. अन् तो सेनापती! दोन वर्सं म्या त्या बिचाऱ्याले काय काय म्हनलं!" त्यांनी बसल्या जागी पडद्याकडे हात जोडले.

बाहेर आल्या तेव्हा ऊन कललं होतं. मंडळ पिशव्या आवरून बसकडे जायच्या तयारीत होतं. भागाबाई केळं सोलत पायरीवर बसल्या होत्या.

"काय वं जयवंता? खरं सांगतलं का नाई म्या? सेनापतीनंच उघडला ना?"

जयवंताबाई थबकल्या. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर ज्या तोंडानं आशीर्वाद दिला ते तोंड खोटं पडणार. त्या मंद हसल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी दोन्ही बोळे काढले, जपून कानात घातले आणि भागाबाईंना वाकून पुन्हा नमस्कार केला.

भागाबाईंनी केळं बाजूला ठेवलं आणि बयनाबाईंना कोपरानं ढोसलं.

"पाह्य, शीक काही," त्या म्हणाल्या. "सेनापतीचीबी निंदा आयकत नाई ते!"