नहराच्या पाळीवरची पंचेचाळीस मिनिटं

सोमवार, वीस एप्रिल. सकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी मी सिंदेवाहीच्या बाहेर, नहराच्या पाळीवर, म्हणजे कालव्याच्या बांधावर, एकटी चालत होते. याला पुरावा आहे. फोटो आहे, फोटोखाली तारीख, वेळ आणि तापमान छापलेलं आहे, आणि तो वनविभागाच्या ताब्यात आहे. फोटोत माझी ओढणी कमरेला बांधलेली आहे आणि तोंड उघडं आहे.

मी घाबरट नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. सहा वर्षं एका दैनिकाची तालुका प्रतिनिधी आहे. वाघाच्या दोनशेवर बातम्या पाठवल्या असतील. ‘शिवारात वाघाचा वावर’, ‘परिसरात भीतीचे वातावरण’, ‘नागरिकांनी पहाटे एकट्याने बाहेर पडू नये’. पहिला शब्द लिहिला की उरलेले बोटं आपोआप लिहितात. भीतीचं वातावरण हे माझ्यासाठी साडेतीन ओळींचं काम होतं.

मग मार्चच्या पाच तारखेला मी चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडमसमोर बसले. चार महिने पाळी नव्हती, हनुवटीवर केस येत होते आणि वजन एक्क्याऐंशी होतं. मॅडमनी सोनोग्राफी पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला.

“पीसीओएस आहे. घाबरू नका, खूप जणींना असतं. पण तुमची साखर काठावर आहे. पाळीसाठी सध्या पाच दिवसांच्या गोळ्या देते. खरं औषध म्हणजे रोज पंचेचाळीस मिनिटं भरभर चालणं आणि भात अर्धा. पाच मेला वजन दाखवायला या, पाच जूनला साखर परत बघू.”

“नाही उतरली तर?”

“तर साखरेची गोळी सुरू. आणि तरी दुर्लक्ष केलं तर मधुमेह.”

मॅडम हे फार सौम्यपणे म्हणाल्या. पण माझ्या आत्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, तो साखरेनेच नेला. आधी अंगठा, मग पाऊल, मग पोटरी. वाघ एकदाच घेतो. साखर थोडं थोडं करून घेते. दोघांपैकी कोणाला भ्यायचं ते मी बसस्टँडवर येईपर्यंत ठरवून टाकलं होतं.

घरी पहिला विरोध भातावरून झाला. बाबा, म्हणजे रामाजी, बावीस वर्षं इथल्या धान संशोधन केंद्रात मजूर आहेत. धानाच्या बांधीतच त्यांचे केस पिकले. पोरीने भात अर्धा केला हे त्यांना घरफोडीसारखं वाटलं.

“अर्धा म्हणजे कोणता अर्धा? सकाळचा का संध्याकाळचा?”

“दोन्ही वेळचा अर्धा, बाबा. ताटात आधी भाजी, डाळ, अंडं.”

“मी लोकाईले नवीन वाण खाऊ घालून राह्यलो, अन् माही पोरगी कोबी खाऊन राह्यली.”

आईचा विरोध वेगळा होता. तिने दार लावून घेतलं. “चाल तू, पण कोणाले सांगू नको. लोकं काहीचं काही करते. उद्या कोणी स्थळ आणलं त म्हणन, रुखमाच्या पोरीले पोटाचं काहीतरी आहे.”

मी कबूल केलं. ही माझी पहिली चूक.

आता वेळेचा प्रश्न. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. एप्रिलमधलं ऊन म्हणतं, सातच्या आत घरी या. वनविभाग म्हणतो, दिवस चांगला वर आल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि पडलात तर घोळक्याने पडा. तीन खाती, तीन आदेश, समन्वय शून्य. मी नहराची पाळ निवडली. उन्हाळ्यात नहर कोरडा, पाळ सरळ, गाड्या नाहीत, कुत्री नाहीत. जाताना पाळीने, येताना डांबरी रस्त्याने. बरोबर पंचेचाळीस मिनिटं. कुत्री का नाहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग एका सकाळी शेजारच्या इंदुताईंनी मला दारातच गाठलं. इंदुताई आशा वर्कर आहेत. गावातल्या प्रत्येक बाईचं वजन त्यांच्या वहीत असतं, माझं सोडून.

“काऊन व संघप्रिया, रोज सकाळी सकाळी कुठी जाते?”

“असंच, ताई.”

“असंच कोणी पाच वाजता उठते का?”

“काम असते.”

ही दुसरी चूक. पेपरवाल्या पोरीला पाच वाजता काम असतं म्हणजे बातमी असते. आणि सिंदेवाहीत त्या वेळेला पायी फिरणारी बातमी एकच आहे.

तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर ठरलं की संघप्रियाला वाघाचा टाइम ठाऊक आहे. चौथ्या दिवशी वनरक्षक प्रफुल्लचा फोन आला.

“ताई, काही असंल त सांगा. आमालेही नोकरी आहे.”

“काही नाही रे.”

“कुठी दिसला?”

“कुठेच नाही. मी सहज जाते.”

“बरं बरं,” प्रफुल्ल म्हणाला. “नाई म्हणता म्हणजे पक्कं आहे.”

त्याने त्याच संध्याकाळी, एकोणीस एप्रिलला, पाळीच्या वळणावर पळसाच्या झाडाला कॅमेरा बांधला. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी छापलं असतं, हा त्याचा अंदाज बरोबर होता.

इथून पुढे माझ्या मनाचं काय झालं ते प्रामाणिकपणे लिहिते. वाघ नाही हे मला माहीत होतं. पण आख्खं गाव आहे म्हणत असेल तर सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी एकटीच्या माहितीला फार वजन राहत नाही. सागाचं वाळकं पान पडलं तरी पुढचं पाऊल आपोआप लांब पडायचं. एका गुरुवारी पलीकडच्या झुडपातून चितळ वाघ दिसल्यासारखं ओरडलं आणि मी थांबले. मग थांबणं चूक आहे हे आठवलं आणि चालू लागले. मागे वळून बघावं की नाही, यावर पुढची दहा मिनिटं गेली. बघितलं नाही. पंचेचाळीस मिनिटांचं अंतर त्या दिवशी एकोणचाळीस मिनिटांत संपलं.

आईने माझा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी हातात स्टीलचा डबा दिला. आत सात गोटे.

“वाजवत जा. आवाजानं जनावर बाजूले होते. आमी सरपणाले असंच जात होतो.”

मग मी डबा वाजवत चालू लागले. खडाम खडाम करत, भंगारवाल्यासारखी. वेग मात्र वाढतच गेला.

शुक्रवारी डेस्कवरून प्रवीणभाऊंचा फोन आला. ते चंद्रपूरला बसून आमच्या तालुक्याचं पान लावतात.

“दुसऱ्या पेपरात ‘नहरावर वाघाचे रोज दर्शन’ आलंय. तुम्ही तिथे रोज असता म्हणे. आपल्याकडे काऊन नाही?”

“कारण वाघ नाही, भाऊ.”

“फोटो नसला तरी चालन. दोन ओळी पाठवा.”

“नसलेल्या वाघाच्या दोन ओळी कशा पाठवू?”

“त्यांनी सहा पाठवल्या,” प्रवीणभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी, तीन मे रोजी, मी पाळीवर पोचले तेव्हा तिथे चाळीस माणसं उभी होती. मोजली, मोजायची सवय आहे. मोटारसायकली, पाण्याच्या बाटल्या, एकाच्या गळ्यात दुर्बीण. एक कुटुंब डब्यात पोहे घेऊन आलं होतं. मी चालू लागले. चाळीस जण माझ्या मागे चालू लागले. बुटाची नाडी बांधायला मी वाकले, चाळीस जण वाकले.

“दिसला का?” दुर्बीणवाला कुजबुजला.

मी काही बोलायच्या आत वनविभागाची जीप आली. रेंजर साहेब उतरले, मागून प्रफुल्ल. साहेब रात्रभर दुसऱ्या गावात वाघाच्या मागे होते. डोळे लाल होते.

“वाघ कुठे आहे?”

“मला माहीत नाही, सर.”

“मग तुम्ही रोज इथे काय करता?”

मी दुसऱ्या बुटाची नाडी तपासली. गर्दीच्या मागे आई आलेली दिसली. डबा घरी विसरला होता, तो द्यायला आली असावी.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “प्रफुल्ल, आजपासून पाळ बंद. जून संपेपर्यंत इकडे कोणी फिरकायचं नाही.”

जून संपेपर्यंत. माझी तपासणी पाच जूनला होती. मला आत्याचा पाय दिसला, म्हणजे जिथे तो नाही ती जागा दिसली. मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग मी बातमी सांगतात तसं सगळं क्रमाने सांगून टाकलं.

“सर, मला पीसीओएस आहे. चार महिने पाळी नव्हती. वजन एक्क्याऐंशी होतं, आता एकोणऐंशीच्या आसपास आहे. साखर काठावर आहे. डॉक्टरांनी रोज पंचेचाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. म्हणून मी इथे येते. दुसरं कारण नाही.”

पोहे खाणारा घास हातात धरून थांबला.

“म्हणजे वाघ नाई?” दुर्बीणवाला म्हणाला. त्याचा आवाज इतका पडला होता की मला त्याची माफी मागावीशी वाटली.

रेंजर साहेबांनी वहीत लिहिलं, ‘कारण: वैद्यकीय.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाळ सुरू राहील. गर्दी करू नका, घरी जा.” प्रफुल्लला त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड काढून आणायला सांगितलं. कॅमेरा आहे हे मला तेव्हा कळलं.

लोक पांगले. इंदुताई मागे राहिल्या, माझ्या दंडाला धरून बाजूला घेतलं.

“त्या डॉक्टर मॅडमचा नंबर दे ना. माह्या पोरीले, मंजुषालेही दोन वर्षापासून असंच आहे. मी साऱ्या गावाचं लिहितो, अन् घरचं सांगाले लाजून राह्यली होती.”

आई घरापर्यंत माझ्या पुढे चालत आली. फाटकापाशी डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, “बोललीस त बोललीस. डबा विसरत नको जाऊ.”

त्या रात्री मला दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. वाघ नाही हे सिद्ध झालं होतं.

सोमवारी अकरा वाजता प्रफुल्ल घरी आला. खुर्चीवर बसला नाही. मोबाइल पुढे केला.

पहिला फोटो वीस एप्रिल, पाच बावन्न. मी. ओढणी कमरेला, तोंड उघडं.

दुसरा फोटो वीस एप्रिल, पाच अठ्ठावन्न. तीच जागा, तोच पळस, वाघीण. माझ्याच दिशेने.

एकवीस एप्रिल, पाच बावन्न, मी. पाच अठ्ठावन्न, वाघीण. बावीस एप्रिल, तसंच. मी फोटो सरकवत गेले. सत्तावीस तारखेला पायाला फोड आला होता म्हणून मी उशिरा निघाले होते. सहा वाजून पाच मिनिटं, मी. सहा वाजून अकरा, वाघीण. तेरा दिवस, तेरा जोड्या. शेवटी रविवारचे फोटो होते, गर्दीचे. त्यात ती नव्हती.

“भिऊ नका, ताई,” प्रफुल्ल म्हणाला. “तिनं काही केलं नाई.”

“का नाही केलं?”

“थे तिलेच विचारा लागन.”

इंदुताई कुंपणावरून वाकून पाहत होत्या. “चांगली जाडी आहे व. तिलेही कोणी डॉक्टरनं चालाले सांगतलं असंल.”

कोणी हसलं नाही. बाबांनी आत जाऊन माझ्यासाठी ताट वाढून आणलं. भात पूर्ण होता. मी पूर्ण खाल्ला. ही तिसरी चूक, पण तिची नोंद मी मॅडमना दिलेली नाही.

मंगळवारी ठरल्याप्रमाणे चंद्रपूरला गेले. मॅडमनी काट्यावर उभं केलं. सत्त्याहत्तर किलो शंभर ग्रॅम. त्यांनी जुना कागद काढून बघितला, त्यावर मी वीस एप्रिलला फोनवर कळवलेलं वजनही होतं.

“पहिल्या दीड महिन्यात दीड किलो. आणि शेवटच्या पंधरा दिवसांत जवळजवळ अडीच? काय बदललंत?”

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

“वेग,” मी म्हणाले.

“छान. मग जे करत होतात तेच चालू ठेवा. अजिबात सोडू नका.”

त्यांनी ते कागदावर लिहूनही दिलं. खाली सही आहे.

आज बुधवार, सहा मे. सकाळी पाच बावन्नला मी घराच्या अंगणात चालत होते. अंगण अकरा पावलांचं आहे. अकरा पावलं, वळण, परत अकरा. बाबा ओट्यावर बसून फेऱ्या मोजत होते. डबा मी आत ठेवला आहे. तो वाजवला की तिला वेळ कळते, असं आता मला वाटू लागलं आहे. याला पुरावा नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी प्रफुल्लचा फोन आला. कॅमेऱ्यात त्याने कार्ड परत घातलं होतं. आज पाच अठ्ठावन्नला वाघीण वळणावर आली. पुढे गेली नाही. पळसाखाली बसली, तोंड गावाकडे करून. सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत बसून होती. मग उठली.

कोणत्या दिशेला गेली, ते फोटोत आलेलं नाही.