पुतळ्याचे खडूपासून संरक्षण

सुरतेच्या पांडेसरा भागात खानदेशी कामगारांची एक वसाहत होती. वसाहतीच्या पत्र्याच्या सभागृहात दुपारी स्त्रियांचा साक्षरता वर्ग भरत असे. सुषमा नावाची एक तरुण सून तेथे गुजराती अक्षरे शिकवी, कारण मतपत्रिका गुजरातीत असते. घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या धुरपदाबाईंनी आजवरच्या प्रत्येक निवडणुकीत कारखान्यातले मुकादम हेमराज सांगतील त्या चित्रावर शिक्का मारला होता. येत्या लोकसभेला उमेदवाराचे नाव स्वतः वाचून मत द्यावे, अशी इच्छा या वयात त्यांना झाली होती.

सन १९९१. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मशताब्दी वर्ष. शिक्षण आणि लोकशाही या त्यांच्या निष्ठांना शोभेल असे स्मारक व्हावे, असे वसाहतीच्या उत्सव समितीने ठरवले. समितीचे अध्यक्ष हेमराज बिनविरोध निवडून आले होते. विरोध करणाऱ्या निंबाची कामाची पाळी त्यांनी नेमकी सभेच्याच वेळेला लावली होती.

पुतळा अर्थातच जेथे शिक्षण चालते तेथे, म्हणजे फळ्याशेजारी, विधिपूर्वक बसवण्यात आला. लवकरच पुतळ्याच्या खांद्यावर खडूची भुकटी आढळली. हा अवमान टाळण्यासाठी फळ्यावर लिहिण्यास मनाई झाली. सुषमा तोंडी शिकवू लागली. तेव्हा बायकांनी एका सुरात अक्षरे म्हटल्याने स्थळाच्या गांभीर्यास बाधा पोहोचते, असे समितीच्या निदर्शनास आले. शिक्षणाविषयी समितीला नितांत आदर असल्यामुळे वर्ग बंद न करता मौन पाळून शिकण्याची सवलत देण्यात आली. पुढे वर्गाची प्रगती समाधानकारक नाही, असे खेदपूर्वक नमूद करून तो बंद करण्याचा ठराव सभेपुढे आला.

ज्या शिकतात त्यांचे मत घ्यावे, अशी सुषमाने विनंती केली.

"मत सभासदांचं, वहिनी," हेमराज म्हणाले. "अन् सभासद व्हायला सही यायला पाहिजे. तुमच्या बायांना येते?"

"तीच शिकवत होते ना, भाऊ."

"मग शिकू द्या की. शिकल्या म्हणजे देतील मत. लोकशाही आहे, आपण कुणाला ना म्हणतो का?"

सभेने रघुनाथ गुरुजींकडे पाहिले. निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींनी बाबासाहेबांचे ग्रंथ समग्र वाचले होते. या ठरावाविषयी त्या ग्रंथांत काय म्हटले असते, हे सभागृहात एकट्या त्यांनाच ठाऊक होते. परंतु जयंतीचे प्रमुख वक्ते म्हणून त्यांचे नाव जाहीर झालेले होते. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि तो पुरेसा स्वच्छ होईपर्यंत ठराव एकमताने संमत झाला.

जयंतीच्या दिवशी मंडपात गुरुजी अतिशय उत्तम बोलले. शिक्षणावाचून नागरिक घडत नाही, आणि अन्यायापुढे मौन बाळगणारा समाज लोकशाहीस पात्र नसतो, हे त्यांनी असे पटवून दिले, की हेमराजांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मग त्याच मंडपात हेमराजांनी बायकांना येत्या मतदानाचे चित्र नीट समजावून सांगितले. ते सर्वांना एकाच वेळी समजले.

धुरपदाबाईंनी गुरुजींना मंडपाच्या दाराशी गाठले.

"गुरुजी, तुमले ते समदं वाचता येस ना?"

"येतं की, माय."

"मंग त्या सभाना दिनले तुम्ही काबर बोलनात नही?"

प्रश्न सरळ होता. परंतु वाचता येणाऱ्या कोणालाही तो लागू पडण्यासारखा असल्यामुळे तो आपल्यालाच आहे असे मानण्याचे कारण नाही, असा विचार करून गुरुजी पायात असलेल्या चपला शोधू लागले. येथवर वाचू शकलेल्या सुजाण वाचकांनीही आपापल्या शोधाव्यात.