एका पायाचा विमानप्रवास

विमान सुरक्षित ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्यात कोणालाच बसू न देणं. हा उपाय सरकारला परवडत नाही, म्हणून प्रवाशांची तपासणी करावी लागते. तपासणी जितकी कडक तितके प्रवासी कमी, आणि प्रवासी जितके कमी तितकं विमान सुरक्षित. हा हिशेब सरळ आहे. पवनीच्या सेवकरामला तो शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी पुरता समजला.

आदल्या दिवशी, गुरुवारी, त्याला तार आली. मुंबईहून सकाळी निघालेली तार पवनीला दिवेलागणीला, शेवटची एसटी गेल्यावर पोचली (तारखात्यानं यात कुठंही हयगय केली नव्हती, तार नेहमी एवढीच धावते). सेवकराम मागावर बसला होता. तार मेहुण्याची, टेकचंदची होती. "धुरपता गेली. इस्पितळ उद्या चारपर्यंत ठेवील. विमानानं या."

धुरपता म्हणजे सेवकरामची बायको. पोटाच्या दुखण्यावर इलाज करायला टेकचंद आपल्या बहिणीला महिन्यापूर्वी मुंबईला घेऊन गेला होता. सेवकरामनं हातातला धोटा खाली ठेवला. मूलबाळ नव्हतं, तेव्हा जायचं ते त्यालाच. आगगाडीनं गेलं तर शनिवार उजाडणार होता. शुक्रवारचं विमान मात्र दुपारी दोनला मुंबईत उतरायचं.

सेवकरामचा डावा पाय लाकडाचा होता. एकाहत्तर साली भाताच्या गिरणीच्या पट्ट्यानं गुडघ्याखालचा पाय नेला. त्यावर पवनीच्या डोमा सुतारानं शिवणीच्या लाकडाचा नवा करून दिला. डोमा तान्ह्या पोळ्याला मुलं ओढत नेतात ते लाकडी बैल करायचा. एका गिऱ्हाइकाचे चार पाय करायची सवय असल्यामुळे एक पाय त्याला अगदीच किरकोळ काम वाटलं. पायाला चामड्याचा पट्टा आणि भंडाऱ्याचं पितळी बकल होतं. आत गुडघा टेकायला जुन्या लुगड्यांची गादी होती. ती धुरपता दरसाल नवी शिवायची. यंदाची गादी बसवली, तिची कड लाकडावर दुमडून अर्धी शिवली, आणि तेवढ्यात मुंबईला जायची वेळ आली. तिनं सुई दोऱ्यासकट कडेत खोचून ठेवली.

"आल्यावर पुरी करतो," ती म्हणाली होती. "सुई काढू नोका, नाहीतं जागा इसरीन मी."

सेवकराम महिनाभर सुईसकट चालत होता.

आता विमानतळाविषयी. बोरटोल्याचं विमानतळ हे आमच्या भंडारा जिल्ह्याचं भूषण. एका थोर पाहुण्यांच्या भेटीसाठी धावपट्टी बांधण्यात आली. पाहुणे मोटारीनं आले. धावपट्टी झालीच आहे म्हणून विमान मागवण्यात आलं आणि विमान आलं म्हणून सुरक्षा आली. (छप्पर यायचं आहे.) विमान मंगळवारी आणि शुक्रवारी. एरवी आसपासच्या गावांचं धान धावपट्टीवर वाळत असे. विमानाच्या दिवशी सकाळी ते गोळा करत आणि विमान उडालं की पुन्हा पसरत. तीन वर्षांत या विमानतळावर पुढीलप्रमाणे कामगिरी झाली: घातपात शून्य; धान खाताना पकडलेली जनावरं एकशे बारा; पैकी तिकीट असलेली एकही नाही.

सुरक्षा अधिकारी कृष्णराव हे वाईट गृहस्थ नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. ते कोणावर ओरडत नसत. कोणाकडून चहासुद्धा घेत नसत. जे पुस्तकात आहे ते करायचं, जे नाही ते दिल्लीला विचारायचं, एवढंच त्यांचं वागणं होतं.

अठरा आसनांपैकी सतरा भरली होती. अठरावं रातोरात बैलगाडीनं आलेल्या सेवकरामला मिळालं. त्याच्या हातात एक पिशवी होती. तिच्यात कुंकवाची पुडी आणि त्यानंच विणलेली हिरवी साडी होती. धुरपता सवाष्ण गेली होती. तिच्या अंगावर शेवटी आपल्या मागावरची साडी पडावी आणि ती आपण घालावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

तपासणीच्या चौकटीतून तो गेला आणि यंत्र ओरडलं.

"खिशात काय आहे?" कृष्णरावांनी विचारलं.

"खिशात काही नाही जी. पाय वाजून राहिला."

"मग पाय काढा."

सेवकरामनं बाकावर बसून पाय काढून दिला. आता पुस्तक असं सांगतं, की अंगाला लागलेला अवयव म्हणजे प्रवासी आणि अंगापासून वेगळी वस्तू म्हणजे सामान. काढायला सांगितल्यामुळे पाय वेगळा झाला आणि वेगळा झाल्यामुळे तो सामान झाला. यात कोणाचाच दोष नव्हता.

सामानाच्या कडेत सुई सापडली.

"हे सामान कोणी बांधलं?" कृष्णरावांनी विचारलं. हा प्रश्न प्रत्येक सामानाला विचारावाच लागतो.

"बायकोनं जी."

"त्यांना बोलवा."

"ते काल मेली साहेब. तिलेच पाहाले जाऊन राहिलो."

कृष्णरावांनी टोपी काढून हातात घेतली. दुखवट्याबद्दल पुस्तकात मनाई नव्हती. मग टोपी घालून ते म्हणाले, "बांधणाऱ्याची सही लागते. कुठं आहेत त्या?"

"मुंबईले."

सही आणायला मुंबईला जायला हवं आणि मुंबईला जायला सही हवी. कृष्णरावांनी हे मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा बरोबर आलं.

हवालदार धनीराम शेजारच्याच गावचा. त्याला राहवेना. "साहेब, सुई उपसून फेका ना! कायले एवढा घोर? कपडे शिवाची सुई आहे, तलवार नाही."

सेवकरामनं एकदा त्या कडेकडे पाहिलं. "काढा जी," तो म्हणाला. "काढून टाका."

बायकोनं नको म्हटलेली गोष्ट तो करायला निघाला होता. कृष्णरावांनी ती होऊ दिली नाही. सापडलेली वस्तू सापडली तशीच ठेवायची असते.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तकातून मार्ग काढला. शंकास्पद वस्तू कापडात बांधून, लाखेची मोहोर मारून वैमानिकाच्या ताब्यात देता येते आणि उतरल्यावर ती परत मिळते. अशा वस्तूला बांधणाऱ्याची सही लागत नाही, कारण वैमानिकावर विश्वास ठेवावाच लागतो. पाय बांधला, मोहोर मारली, आणि उतरून घ्यायला येणारा माणूस म्हणून टेकचंदचं नाव लिहिलं. पाय विमानात जाऊन बसला. सेवकरामनं कृष्णरावांना हात जोडले.

आता प्रवासी निर्धोक होता. फक्त त्याला एक पाय नव्हता, आणि विमान शंभरएक पावलांवर होतं.

अपंग प्रवाशांसाठी बोरटोल्याला चाकाची खुर्ची आहे. ती नवीकोरी आहे, कारण ती लोखंडी असल्यामुळे चौकटीतून नेली की यंत्र ओरडतं. म्हणून तिला आजवर पलीकडे जाता आलेलं नाही.

"मंग मी लंगडी घालत जातो," सेवकराम म्हणाला. "लहानपणी लई खेळलो जी."

विमानाजवळ धावणं, उड्या मारणं मना आहे. कृष्णरावांनी तो नियम बोट ठेवून दाखवला.

"मी घेतो ना पाठकुळी!" धनीराम म्हणाला. "मामाजी, या."

पण चौकटीपलीकडे तिकीट नसलेल्यानं जायचं नसतं. तिकीट असलेल्या कोणी उचलून नेलं, तर मात्र पुस्तकाची काही हरकत नव्हती. कृष्णरावांनी बाकावर बसलेल्या सतरा प्रवाशांना तसं मोठ्यानं विचारलं. कशासाठी जायचं आहे तेही सांगितलं. प्रवासी अतिशय शिस्तीचे होते. चौघांनी घड्याळात पाहिलं. तिघांनी "बिचारा" म्हटलं. दोघांनी सरकारला नावं ठेवली. एका ठेकेदाराची कंबर दुखत होती. तो म्हणाला, "अरे भाऊ, आटपा ना लवकर, आमाले कामं आहेत." एक जण अर्धा उठला, त्याला बायकोनं "बसा" म्हटलं. उरलेले पाच वाचत होते. ते वाचत राहिले.

सेवकराम बाकावरून खाली उतरला. पिशवीचे बंद त्यानं गळ्यात अडकवले आणि दोन्ही हात जमिनीवर टेकले.

"मी सरपटत जातो साहेब. कोणाले तरास नाही."

कृष्णरावांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. सरपटण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. अशा वेळी दिल्लीला विचारायचं असतं. त्यांनी ताबडतोब ट्रंककॉल लावला. तातडीचा लावला, हे नमूद केलं पाहिजे.

सेवकराम चौकटीशी हात टेकून वाट पाहत राहिला. सतरा प्रवासी त्याला वळसा घालून, कोणी लुगडं सावरत, कोणी बॅग उंच धरत, पलीकडे गेले. विमान वेळेवर सुटलं. बोरटोल्याहून विमान वेळेवर सुटण्याची ती पहिलीच खेप होती.

दिल्लीचा फोन चारला लागला. सरपटायला हरकत नाही, असं दिल्लीनं कळवलं.

तोवर धावपट्टीवर पुन्हा धान पसरलं होतं. कामाची वेळ संपल्यावर धनीरामनं सेवकरामला पाठकुळी घेतलं आणि बैलगाडीपर्यंत नेलं. कृष्णरावांनी नोंदवहीत लिहिलं: "प्रवासी अंशतः रवाना. अनुचित प्रकार नाही."

मुंबईत टेकचंद विमानतळावर उभा होता. त्याच्या हातात मोहोरबंद गाठोडं देण्यात आलं. त्यानं ते उघडून पाहिलं, मग मागं कोणी येतंय का ते पाहिलं. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर तो इस्पितळात परतला. चार वाजले. बहिणीला त्यानं शेजारणीनं दिलेली साडी घातली आणि पाय तिच्या उशाशी ठेवला. लोक विचारायला लागले तेव्हा तो बहिणीच्या नवऱ्याबद्दल म्हणाला, "भाटोजी येऊन राहिले होते."

अशा रीतीनं धुरपताच्या शेवटच्या प्रवासाला नवऱ्याचा एक पाय हजर होता. तोही खरा नव्हता, पण गादी तिच्याच हातची होती.

तेराव्याला टेकचंद पाय घेऊन पवनीला आला. सेवकरामनं आधी कड पाहिली. सुई दोऱ्यासकट तिथंच होती. त्याच्या हातात असतं तर ती कधीच उपसली गेली असती. धुरपताचा शब्द सुरक्षा खात्यानं राखला, आणि त्याबद्दल सेवकराम त्या खात्याला कधी वाईट बोलत नाही. कृष्णरावांना वाईट बोलणारे बरेच भेटतात. ही हकीकत ऐकून तेवढंच बोलतात आणि उठून जातात.

त्या सतरा प्रवाशांबद्दल कोणी विचारत नाही. त्यांची नावं मिळत नाहीत. ती सगळी तुमच्याआमच्यासारखी भली माणसं होती, आणि त्यातले पाच जण तर, मघाशी सांगितलं तसं, वाचतच होते. आता तुम्ही वाचताय तसे.

सेवकराम तोच पाय घालतो. हिरवी साडी घडीवर आहे. धुरपताचं तोंड पाहायचं राहिलं, ते आता होणार नाही. गादीची कड होण्यासारखी आहे. सुई आहे, दोरा आहे, आणि सेवकरामला शिवता येतं.

कड अजून अर्धीच शिवलेली आहे.