वारसाचा सुरक्षा-प्रश्न

मृत्यू अटळ आहे, परंतु तो आला म्हणून ऑनलाइन खाते आपोआप बंद होत नाही. सबब प्रत्येक जबाबदार माणसाने हयातीतच त्याची व्यवस्था लावावी. आमच्या पाहणीनुसार (पाहणी आमच्याच जिन्यात केली) शंभरातल्या नव्वद जणांना मरायला फुरसत नाही आणि उरलेल्या दहांना पासवर्ड आठवत नाही.

याला सन्माननीय अपवाद आमचे शेजारी, पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. नोकरीत असतानाच, ऑफिसात बसून, त्यांनी बायकोला आपल्या ऑनलाइन खात्याची वारस नेमले. तीन महिने खाते उघडले नाही, तर कंपनीने त्यांना दिवंगत समजावे. वारसाने सुरक्षा-प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले तर ठीक, नाहीतर सगळे पुसून टाकावे. व्यवस्था चोख होती.

पुढे त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी तीन महिने स्क्रीन बघणे बंद केले आणि कंपनीने अगदी वेळेवर दुखवटा पाठवला. आपण जिवंत आहोत, असे हेडक्लार्कांनी तातडीने कळवले. दिवंगतांच्या विनंत्या विचारात घेतल्या जात नाहीत, असे नम्र उत्तर आले. (शिस्त असावी तर अशी.)

खात्यात त्यांच्या आईचा आवाज होता. ती गेली त्या वर्षीचा एकच निरोप, "जेवलास का रे?" एवढाच. दुसरीकडे कुठेही नव्हता. तो जाणार म्हणून हेडक्लार्क लहान मुलासारखे रडले, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.

बायकोने प्रश्न उघडला. 'खातेदाराच्या सर्वांत जवळची व्यक्ती कोण?' संधी तीन.

"एवढंच ना?" म्हणत तिने जरा लाजत स्वतःचे नाव टाकले. चूक. मग मुलीचे टाकले. तेही चूक.

"आता सासूबाईंचं टाकते."

"थांब! आईचं नाहीये गं."

"मग कोण आहे ती?"

हेडक्लार्कांनी घाम पुसला. "ती नाही, तो. मी भरत होतो ना, तेव्हा साहेब मागे उभे होते."

बायकोने 'साहेब' असे टाकले. खाते उघडले. आईचा आवाज घरभर ऐकू आला, आणि दोघांनीही डोळे पुसले. तेव्हापासून हेडक्लार्कांनी जेवणाचे विचारले, की बायको म्हणते, "साहेबांना विचारा."

वाचकहो, असा एखादा प्रश्न आपणही कधीतरी घाईत भरला असेल. उत्तर काय दिले होते, ते आत्ताच आठवून पाहा. मोठ्याने नको.